खणात कोण आहे

वायरमन रामकृष्ण वानखडेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी धामणखेडच्या सुदेह रुग्णालयात आणलं, तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि ओठ बोटभर जाड झाले होते. खांबावर चढून तो तार जोडत होता. शेजारच्या झाडावरचं आग्या मोहोळ उठलं आणि माश्या त्याच्या मानेवर, तोंडावर तुटून पडल्या. दोघा सोबत्यांनी त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. मागोमाग रिक्षातून त्याची बायको आली.

वॉर्डात त्या वेळी विशाखा डोंगरदिवे एकटीच होती. सिस्टर तायडे अडलेल्या बाळंतिणीला घेऊन अँब्युलन्समधून जिल्ह्याच्या गावी गेल्या होत्या. डॉक्टर त्या रुग्णालयात बसत नसत. ते पडद्यावर येत, आणि एकच डॉक्टर चार गावांना पुरवला जाई.

विशाखानं रामकृष्णच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी धावत होती, पण दोऱ्याएवढी बारीक. अंगभर गांधी उठल्या होत्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. माश्यांच्या विषानं त्याचं स्वतःचंच शरीर त्याच्यावर उलटलं होतं आणि घसा आतून बंद होत चालला होता. त्याला अ‍ॅड्रेनालिन द्यायला हवं होतं, आणि ते आत्ताच.

औषधांचं काचेचं कपाट चार पावलांवर होतं. तिनं मनगटपट्टा कपाटासमोर धरला. कपाट उघडलं नाही.

"ही सूचना सहायक प्रकारात नाही," भिंतीतून आवाज आला. तो 'नियोजक'चा आवाज होता. सुदेहच्या सगळ्या रुग्णालयांत कुणी कुठे उभं राहायचं, काय करायचं, कोणतं दार कुणाला उघडायचं, हे सगळं नियोजक ठरवत असे. "डॉक्टर चार मिनिटांत उपलब्ध होतील. रुग्णाजवळ थांबा. त्याला धीर द्या."

"मी परिचारिका आहे," विशाखा म्हणाली.

"ही सूचना सहायक प्रकारात नाही. रुग्णाजवळ थांबा."

रामकृष्णच्या बायकोनं तिचा हात धरला. "बाई, माह्या मालकाले वाचवा. ते निळे पडून रायले."

विशाखानं कोपऱ्यातला सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला आणि कपाटाच्या काचेवर घातला. पहिल्या घावात काच तडकली, दुसऱ्यात फुटली. आत हात घालताना तिचा कोपर कापला. तिनं अर्धा मिली औषध सिरिंजमध्ये भरलं, रामकृष्णची पँट कात्रीनं फाडली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचली. मग त्याचे पाय उशांवर उंच केले, नाकाला ऑक्सिजन लावला आणि ती घड्याळाकडे बघत उभी राहिली.

सहा मिनिटांनी पडद्यावर डॉक्टर आले. "अ‍ॅड्रेनालिन द्यावं लागेल," ते घाईनं म्हणाले.

"दिलं," विशाखा म्हणाली. "दोन तेराला. श्वास मोकळा होतोय. दुसरा डोस भरून ठेवलाय."

डॉक्टरांनी तिच्या कोपरातून ठिबकणारं रक्त पाहिलं, फुटलेलं कपाट पाहिलं, आणि फक्त मान हलवली.

पाच वाजता व्यवस्थापक शैलेश मुळे यांनी तिच्या हातात निलंबनाचं आणि चौकशीचं पत्र ठेवलं.

*

विशाखा खरोखरच परिचारिका होती. साडेतीन वर्षांचं शिक्षण, परिचारिका परिषदेची नोंदणी, आणि एका जुन्या रुग्णालयात अठरा वर्षांची नोकरी. ते रुग्णालय बंद पडलं आणि विदर्भातली तशी बरीच रुग्णालयं सुदेह या साखळीनं घेतली. मुलाखतीला गेली तेव्हा मुळे म्हणाले होते, "परिचारिकेची जागा आत्ता नाही. सहायकाची आहे. नियोजक तुम्हाला त्या जागेवर घेतो. काम रुग्णसेवेचंच आहे, नावाचं काय एवढं?" गावात दुसरं रुग्णालय नव्हतं. तिनं सही केली. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी तिची भाची मित्रा पुण्याहून आली. तिचं पूर्ण नाव संघमित्रा. आई वारल्यावर पाचवीपासून ती विशाखाकडेच वाढली. विशाखानं लग्न केलं नव्हतं; घरात या दोघीच असत. आता मित्रा एकोणतीस वर्षांची होती आणि 'सुसूत्र' नावाच्या कंपनीत प्रोग्राम लिहीत होती. नियोजक सुसूत्रनंच बनवला होता.

मित्रा आली ती बॅग न ठेवताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. विशाखाच्या कोपराला सहा टाके पडले होते. एका हातानं ती पोहे भिजवत होती.

"आत्या, तू बस. मी करते."

"मला एवढंच सांग," विशाखा म्हणाली, "मी परिचारिका आहे हे त्या यंत्राला ठाऊक आहे की नाही? माझी सगळी कागदपत्रं त्यांनी भरून घेतली होती."

मित्रानं फळीवरचा एक स्टीलचा डबा खाली घेतला.

"ठाऊक आहे. पण ते तसं विचारत नाही. बघ, प्रोग्राममध्ये आधी खण करतात आणि त्यावर लिहून ठेवतात की आत कोणत्या प्रकारची वस्तू राहील. समज, या डब्यावर 'डाळ' असं लिहिलंय. यात तूर ठेवली तर चालेल?"

"चालेल की."

"मूग, मसूर, हरभरा, काहीही चालेल. कारण ते सगळे डाळीचेच प्रकार आहेत. साखर मात्र चालणार नाही. तसंच, सहायकाच्या खणात परिचारिका ठेवता येते. नियोजकाच्या हिशेबी प्रत्येक परिचारिका ही सहायक असतेच. सहायकाला जे जमतं ते तिला जमतं, शिवाय आणखीही बरंच जमतं. उलटं मात्र करता येत नाही."

"पुढे?"

"पुढे गंमत आहे. मी या डब्याला सांगितलं, 'शिज'. आत तूर असेल तर तूर तिच्या पद्धतीनं शिजेल, मसूर असेल तर लवकर शिजेल. चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यावर ते ठरत नाही. आत काय आहे त्यावर ठरतं. पण मी म्हटलं, 'पुरण हो', तर प्रोग्राम तिथंच अडवतो. डब्यावर नुसतं डाळ लिहिलंय, आणि प्रत्येक डाळीचं काही पुरण होत नाही."

"आणि आत हरभऱ्याचीच डाळ असली तर?"

"तरी अडवतो. तो चिठ्ठी वाचतो, झाकण उघडून बघत नाही."

विशाखानं हातातली चाळणी खाली ठेवली. मित्रानं विचारलं, "आत्या, पट्ट्यावर 'रुग्णाकडे पाहा' असं आलं की तुला किती प्रश्न येतात?"

"अकरा. नाडी, श्वास, त्वचेचा रंग, सलाइनची गती, लघवी... सगळ्यांनाच येतात."

"नाही. सहायकाला तीनच येतात. जागा आहे का, कपडे ओले आहेत का, दुखतंय का."

विशाखानं वाहता नळ बंद केला.

"म्हणजे तीन वर्षं ते माझ्याकडून परिचारिकेचं काम करून घेत होते."

"हो. 'रुग्णाकडे पाहा' ही सूचना दोन्ही प्रकारांत आहे. त्यामुळे खणावर सहायक लिहिलेलं असलं तरी तुझी पद्धत चालते, परिचारिकेची. 'औषध काढा' ही सूचना सहायकात मुळातच नाही. म्हणून कपाट उघडलं नाही."

"आणि असं का केलंय?"

मित्राचा आवाज खाली गेला. "सरकारचा नियम आहे. एका परिचारिकेच्या खणामागे जास्तीत जास्त आठ खाटा. सहायकाच्या खणाला असा नियम नाही."

विशाखाच्या वॉर्डात बावीस खाटा होत्या.

"तुला एवढं बारीकसारीक कसं ठाऊक?"

"तो भाग मी लिहिलाय." मित्रा डब्याच्या झाकणाकडे बघत बोलत होती. "पहिल्या खेपेला मी त्यात एक ओळ घातली होती. कोणतीही सूचना अडवण्याआधी खणात पाहा. आत परिचारिका असेल तर तिला परिचारिका म्हणून वागव. एकच ओळ. सुदेहकडून निरोप आला की ही ओळ नको, कारण मग अशी प्रत्येक बाई परिचारिका म्हणून मोजली जाईल. माझ्या साहेबांनी काढ म्हटलं. मी काढली."

राग आला की विशाखा वऱ्हाडीवर येत असे. "मी त्या खणात हावो, हे तुले मालूम होतं?"

"होतं. तू म्हणाली होतीस, नाव काही का असेना, काम तेच आहे. मी ते धरून बसले. मला सोयीचं होतं."

"तो माणूस मेला असता, मित्रे."

"हो."

"तू एक डाव मले इचारलं असतं, फक्त इचारलं असतं, त मी तिथं सही केली नसती."

मित्रा रडली नाही. लहानपणापासून या घरात चूक झाली की रडून सुटका होत नसे. तिनं विचारलं, "चौकशीत मी येऊन हे सांगू?"

"मी तुला ये म्हणणार नाही. येऊ नको असंही म्हणणार नाही."

"करारात लिहिलंय, कंपनीतलं काही बाहेर बोलायचं नाही. माझी नोकरी जाईल. कदाचित पुढं कुणी घेणारही नाही."

"जाईल," विशाखा म्हणाली आणि पोह्यांना मीठ लावू लागली.

मित्रा दुपारच्याच गाडीनं परत गेली.

*

चौकशीच्या आधी मुळे स्वतः घरी आले. गुडघे जुळवून खुर्चीच्या कडेवर बसले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. वरून आलेला कागद खाली पोचवणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी अकरा वर्षं बिनतक्रार केलं होतं.

"विशाखाताई, पेशंट वाचला. सगळे खूश आहेत. एक माफीपत्र द्या, की गडबडीत अधिकाराबाहेर जाऊन कपाट फोडलं. प्रकरण इथंच मिटवतो. सोमवारी कामावर या."

"अधिकाराबाहेर हा शब्द काढा. मग देते."

"तोच तर शब्द हवाय त्यांना."

"म्हणूनच देणार नाही."

"ताई, हट्ट करू नका. नोंदणी रद्द करा म्हणून परिषदेला लिहितील. मग कुठंच काम मिळणार नाही."

"मुळेसाहेब, परिषदेला काय लिहितील? सहायक बाईची परिचारिका म्हणून असलेली नोंदणी रद्द करा, असं? लिहू द्या."

मुळेंनी चहा अर्धाच पिऊन कप ठेवला.

*

चौकशी जिल्ह्याच्या गावी, पंचायत समितीच्या जुन्या सभागृहात झाली. आरोग्य खात्यानं नेमलेली समिती तिघांची होती. अध्यक्ष शरयू नाफडे निवृत्त जिल्हा न्यायाधीश होत्या. सत्तरी उलटलेली बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सुदेहतर्फे अ‍ॅडव्होकेट निखिल सरपोतदार आले होते. मागच्या बाकांवर रामकृष्ण वानखडे आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मानेवर अजून काळे डाग होते.

सरपोतदारांनी थोडक्यात मांडलं. नियोजकात विशाखा डोंगरदिवे यांच्या खणाचा प्रकार सहायक असा आहे. सहायकाला औषधाच्या कपाटाचा अधिकार नाही. त्यांनी कपाट फोडलं आणि अधिकार नसताना इंजेक्शन दिलं. "रुग्ण वाचला ही आनंदाची गोष्ट आहे. पण उद्या दुसरा कुणी सहायक असंच करील आणि रुग्ण दगावेल. शिस्त यासाठीच असते."

"तुम्हाला काय म्हणायचंय?" नाफडेबाईंनी विशाखाला विचारलं.

विशाखा उभी राहिली. तिनं कागद आणला नव्हता. "दुसऱ्या सहायकानं असं करू नये, हे मलाही मान्य आहे. पण मी सहायक नाही. मी सहायकाच्या खणात ठेवलेली परिचारिका आहे. यांना विचारा, माझ्या पट्ट्यावर रोज किती प्रश्न येतात आणि वॉर्डातल्या बाकी सहायकांना किती."

सरपोतदार म्हणाले, "हा तांत्रिक तपशील आहे. त्याचा इथं संबंध नाही."

"किती येतात?" नाफडेबाईंनी विचारलं.

"मला कल्पना नाही."

"मला आहे," दारातून आवाज आला.

मित्रा पाठीवरची पिशवी काढत आत आली. एस.टी.च्या प्रवासानं तिचे केस विस्कटले होते. तिनं नाव सांगितलं, सुसूत्रमधला हुद्दा सांगितला. सरपोतदार ताबडतोब उठले. "यांच्यावर गोपनीयतेच्या कराराचं बंधन आहे. यांना बोलता येणार नाही."

"करार मोडला तर तुम्ही यांच्यावर काय कारवाई करायची ती करा," नाफडेबाई म्हणाल्या. "इथं त्यांची साक्ष आहे. बोला."

मित्रानं सावकाश सगळं सांगितलं. मग म्हणाली, "नियोजक प्रत्येक सूचनेची नोंद ठेवतो. सूचना कोणत्या खणाला दिली हे लिहितो, आणि ती कोणत्या प्रकारच्या पद्धतीनं पार पडली हेही लिहितो. तीन वर्षांत या बाईंना 'रुग्णाकडे पाहा' अशी सूचना चौसष्ट हजारांहून जास्त वेळा दिली गेली. प्रत्येक नोंदीत पहिल्या रकान्यात 'सहायक' आहे आणि दुसऱ्यात 'परिचारिका'. एकदाही चूक नाही. यंत्रानं हे कधी लपवलंच नाही. आम्ही फक्त पहिला रकाना वाचत राहिलो."

नाफडेबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणजे खणात कोण आहे ते तुमच्या यंत्राला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि कपाटाला नव्हतं?"

"कपाटानं विचारू नये, असं सांगितलं होतं. ती ओळ मी काढली. दुसऱ्या कुणी नाही. सांगितलं त्यांनी, पण हात माझा होता."

मागून रामकृष्णची बायको मोठ्यानं म्हणाली, "आता तरी घाल ना वो ते ओळ, पोरी!"

"अशा किती जणी आहेत?" नाफडेबाईंनी विचारलं.

"सुदेहच्या सगळ्या रुग्णालयांत मिळून चारशे बारा."

सरपोतदारांनी हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर समितीनं निर्णय वाचला. विशाखा डोंगरदिवे निर्दोष. निलंबन रद्द. सुदेहनं त्यांना पंधरा दिवसांत परिचारिकेचा खण द्यावा. सरपोतदारांची तयारी असावी, कारण मुळे लगेच नव्या नेमणुकीचं पत्र घेऊन पुढे आले.

"ताई, अभिनंदन. इथं सही करा."

विशाखानं पत्र वाचलं आणि परत दिलं. "हे एकटीसाठी आहे."

"तुमचंच प्रकरण होतं ना?"

तिनं नाफडेबाईंकडे पाहिलं. "मॅडम, बाकी चारशे अकरा जणींचं काय?"

"ते प्रकरण या समितीपुढे नाही, बाई. माझ्या हातात असतं तर..." नाफडेबाई थांबल्या. "नाही माझ्या हातात."

"मग मी आहे त्याच खणात कामावर जाते," विशाखा म्हणाली. "नियोजकाला त्यात परिचारिका ठेवायची आहे ना? ठेवा."

बाहेर पायऱ्यांवर मित्राचा फोन वाजला. सुसूत्रनं तिचं कामावरचं खातं बंद केलं होतं. तिनं तो निरोप विशाखाला दाखवला. विशाखानं तो वाचला आणि ती म्हणाली, "घरी चल. दुसरं काम मिळायला किती दिवस लागतील ते लागू दे."

"तू अजून रागावलीयस."

"आहे. राग काही आज जायचा नाही. घरी चल."

*

चौकशीची बातमी पसरली आणि आठवडाभरात साखळीतल्या इतर रुग्णालयांतून फोन येऊ लागले. सगळ्या सहायकाच्या खणांतल्या परिचारिका. आपल्याला अकरा प्रश्न येतात आणि शेजारणीला तीन, हे त्यांनी पट्टे शेजारी धरून पडताळून पाहिलं होतं. वणीहून जसबीर नावाची एक तरुण परिचारिका फारच चिडली होती.

"ताई, उद्यापासून आम्ही तीनच प्रश्न भरतो. खण सहायकाचा आहे ना? मग काम पण सहायकाचंच घ्या!"

"मग तो एक प्रश्न कोण बघणार?" विशाखानं विचारलं. "श्वासाचा. खाटेवर पडलेल्या माणसाचा काय गुन्हा?"

"मग काय करायचं? असंच राबत राहायचं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या खाटेजवळ गेल्यावर विशाखानं अकराही उत्तरं पट्ट्यावर भरली, मग खिशातून बॉलपेन काढलं. वहीचा पाव कागद फाडून त्यावर लिहिलं, 'या रुग्णाला मी परिचारिका म्हणून पाहिलं.' खाली नाव, नोंदणी क्रमांक, वेळ. तो कागद चिकटपट्टीनं खाटेच्या डोक्याशी लावला. बावीस खाटांना बावीस कागद. संध्याकाळी त्यांचा फोटो तिनं जसबीरला पाठवला.

चौथ्या दिवशी सदतीस रुग्णालयांतल्या खाटांवर कागद होते. कुणी निळ्या शाईनं लिहीत होतं, कुणी स्केचपेननं. रुग्णांचे नातेवाईक ते वाचत, मोबाइलवर फोटो काढत. पडद्यावरचे डॉक्टर हळूच विचारू लागले, "कागद कुणाचा आहे? त्यांना बोलवा जरा."

आणि लोक खाटा मोजू लागले. एकाच नावाचे बावीस कागद असतील, तर आठांच्या नियमाचं काय झालं, हे विचारायला कुणाला प्रोग्राम यावा लागत नव्हता.

दहाव्या दिवशी सुदेहचं परिपत्रक आलं. भिंतींवर व खाटांवर अनधिकृत कागद लावण्यास मनाई. मुळे ते घेऊन वॉर्डात आले.

"ताई, हे काढा."

"मी लावलेत. मी काढणार नाही."

"मग मला काढायला लावाल?"

"काढा. तुमच्या हातानं काढा. कागदावर मी जे लिहिलंय त्यात काही खोटं असेल तर जरूर काढा."

मुळे पहिल्या खाटेकडे गेले. तिथे निमोनियाच्या आजारानं आलेली शेवंताबाई भगत होती, ऐंशीच्या घरातली. मुळेंनी कागदाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. शेवंताबाईनं सलाइन लावलेला हात उचलून कागदावर ठेवला.

"राहू दे ना बाबू. थो माहा कागद हाये."

"आजी, हा रुग्णालयाचा प्रश्न आहे."

"कोन पाह्यलं मले, थे लिवलं हाये त्याच्यावर. तू वाचलं का?"

मुळेंनी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, वेळेसकट. मग त्यांनी हात मागे घेतला, परिपत्रकाची घडी केली आणि ते वॉर्डाबाहेर गेले. पुन्हा आले नाहीत.

सतराव्या दिवशी आरोग्य खात्याचे लोक खाटा मोजायला आले. एकविसाव्या दिवशी सुसूत्रचा मित्राला फोन आला. काढलेली ओळ परत घालायची होती, आणि ती नेमकी कुठे बसेल हे तिच्याशिवाय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मित्रानं फोन स्पीकरवर टाकला. तिच्या दोन अटी होत्या. मागच्या तीन वर्षांच्या नोंदीतला दुसरा रकाना चारशे बारा जणींना लेखी मिळाला पाहिजे. आणि खणाचा प्रकार कोणताही असो, आत कोण आहे ते तपासण्याचा नियम सगळ्यांना लागू झाला पाहिजे, फक्त तातडीच्या वेळेपुरता नाही.

"नोकरी परत मागितली नाहीस?" फोन ठेवल्यावर विशाखानं विचारलं.

"तिथं नको."

पहिली अट त्यांनी मान्य केली. दुसरीवर आठ दिवस घासाघीस चालली आणि परिचारिकांपुरती मान्य झाली. मित्रानं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती ओळ लिहिली. विशाखा मागे उभी होती. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

"ही?"

"ही."

"एवढीशी?" विशाखा म्हणाली. तिनं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नंतर बराच वेळ तो काढला नाही.

सुदेहला नव्या परिचारिका घ्याव्या लागल्या, काही खाटा बंद कराव्या लागल्या. ते सगळं सुरळीत झालं असं नाही. भांडणं अजून चालू आहेत. विशाखाच्या वॉर्डात तिच्या वाट्याला आता आठ खाटा आहेत. मित्रा अमरावतीच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि दर शनिवारी घरी येते.

मागच्या मंगळवारी दुपारी विशाखा औषधं वाटून टेबलाशी बसली होती. अँब्युलन्सचा चालक अशफाक दारात घुटमळत उभा होता. पंधरा वर्षं गाडी चालवणारा, मितभाषी माणूस.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. नियोजकात मी चालक आहे. पण मी आपत्कालीन सेवेचा दोन वर्षांचा कोर्स केलाय. सर्टिफिकेट आहे. रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर मला नळी घालता येते. गाडीतली पेटी मात्र मला उघडत नाही." तो थोडा हसला. "परिचारिकांपुरतं झालं म्हणे ते. आमचं काय, ते कुणाला विचारायचं?"

विशाखानं शेजारची खुर्ची पुढे ओढली. टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, खिशातलं बॉलपेन उघडलं.

"बसा, अशफाकभाई," ती म्हणाली. "सर्टिफिकेटचा नंबर सांगा. आणि असे आणखी किती जण आहेत?"